सातव्या वेळी ड्रायव्हर कुणी काढला

तो पावसाच्या आडोशाला आत आला आणि मी नेमकी त्याच वेळी कॉम्प्युटरला शिव्या घालत होते. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्यानं. मुलं चहाला गेली होती, हॉल रिकामा होता, म्हणून मी माझ्या ठेवणीतल्या सगळ्या बाहेर काढल्या होत्या. बेगमपुऱ्यात वाढलेल्या मुलीकडे ठेवणीत बऱ्याच असतात.

"मॅडम," दारातून आवाज आला, "शिव्या देऊन ड्रायव्हर बसत नसतोय."

मी दचकून वर पाहिलं. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. आमच्या अभ्यासिकेत चपला बाहेर काढतात हे त्याला न सांगता कळलं होतं, पण बाहेर ठेवल्या तर पाण्यात जातील म्हणून त्या हातात घेऊन तो उंबऱ्यावर उभा होता.

"ड्रायव्हरच बसत नाही, हे तुम्हाला काय माहीत?"

"तुम्हीच सांगत होत्या की. कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत ऐकायला येतंय."

माझे कान गरम झाले. मी खुर्ची सरकवून म्हटलं, "मग येतं का तुम्हाला काही, का नुसतं ऐकायलाच येतं?"

तो हसला. वरच्या ओठाचा एकच कोपरा आधी हसतो आणि बाकीचं तोंड मागाहून त्याला गाठतं, असं ते हसणं… त्या दिवशी मी ते पाहिलं आणि उगाच टेबलावरची पेनं सरळ करत बसले.

त्याचं नाव संघपाल. गाव देवगाव रंगारी. इथं एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तात्पुरत्या नोकरीवर होता आणि मामाकडे राहत होता. हे सगळं त्यानं कीबोर्डवर बोटं चालवता चालवता सांगितलं. मी विचारलं नव्हतं, पण ऐकत होते.

आमची अभ्यासिका कडुबा सरांनी काढली. सर शाळेतून निवृत्त झाले आणि मिळालं ते सगळं घालून घराचा पुढचा हॉल त्यांनी पोरांसाठी मोकळा केला. चोवीस खुर्च्या, चोवीस टेबलं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, काउंटरवर हा एक कॉम्प्युटर, आणि त्याच्या उजवीकडे सरांची वेताची खुर्ची. त्यात लिनक्स, ही कुणालाही फुकट मिळणारी प्रणाली. "ज्याचं दार सगळ्यांना उघडं, ते आपलं," म्हणायचे सर. चुकूनही कुणाला दुसरं काही टाकू दिलं नाही. आदल्या वर्षीच्या धम्मचक्र दिनानंतर पंधराच दिवसांनी सर गेले. मागं उरल्या त्यांच्या पत्नी, गीतामावशी, ज्या हॉलच्या मागच्या खोलीत राहतात, आणि मी, विशाखा, जी इथंच अभ्यास करता करता इथलीच होऊन गेले. अभ्यासिका मीच उघडते, मीच बंद करते.

जूनमध्ये वीज पडली आणि कॉम्प्युटरचं नेटचं सॉकेट जळालं. दुकानवाल्यानं एक नवं वायफाय कार्ड बसवलं, दोन तास डोकं खाजवलं आणि म्हणाला, लिनक्सला हे चालत नाही, सगळं पुसून दुसरं टाकू. गीतामावशी बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सरांची मशीन हाय. हाय तशी ऱ्हाऊ दे." दुकानवाला गेला. मुलांच्या सराव परीक्षा अडल्या.

"कार्ड ठणठणीत हाय," संघपाल म्हणाला. "मशीन पण ठणठणीत. दोघं एकमेकांशी बोलंना फक्त. मधी दुभाषा पाहिजे. त्यालाच ड्रायव्हर म्हणायचं."

"मग बसवा दुभाषा."

"तो नेटवरून घ्यावा लागतो."

"नेट नाही म्हणून तर बसवायचाय!"

"व्हय ना," तो शांतपणे म्हणाला, "लगीन झाल्याशिवाय येड जात नाय आन् येड गेल्याशिवाय लगीन होत नाय, तसली गत."

मी हसू दाबलं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि तेवढ्यात तो प्रकार झाला.

बेगमपुऱ्यात जमिनीखालून जुनी पाण्याची नहर जाते. आमच्या हॉलच्या कोपऱ्यात तिच्यावर एक लोखंडी झाकण आहे. त्याखालून पाण्याचा आवाज अहोरात्र येत असतो, इतका बारीक, की आम्हाला तो ऐकू येतो हेच आम्ही विसरून गेलोय. त्या क्षणी तो थांबला. एकदम… कुणी ओठांवर बोट ठेवावं तसा.

संघपालची बोटंही थांबली. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "पाणी थांबलं."

अर्ध्या मिनिटानं पाणी पुन्हा वाहू लागलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, आणि कार्डाचा नंबर कागदावर लिहून घेतला. "उद्या शनिवार. पेनड्राइव्हवर घालून आणतो," म्हणाला आणि चपला हातात घेऊनच गेला. पाऊस केव्हाच थांबला होता. आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

शनिवारी त्यानं ड्रायव्हर बसवला. पेनड्राइव्हवरून कच्चा कोड मशीनमध्ये उतरवायचा, मग 'मेक' म्हणायचं की मशीन तो कोड घोटत बसतं, पडद्यावरून ओळींचा पूर वाहतो. मग 'मेक इन्स्टॉल'. मी शेजारी बसून सगळं पाहिलं. पाहिलं म्हणजे निम्मा वेळ पडदा पाहिला.

"आणि काढायचा झाला तर?" मी सहज विचारलं.

"काढायचा कशाला?"

"माहिती असावी माणसाला."

"मेक अनइन्स्टॉल," तो म्हणाला. "एकच ओळ. बसवायला येळ लागतो, काढायला काय…"

कार्डाचा हिरवा दिवा लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. संघपालनं पेनड्राइव्ह खिशात टाकला, "निघतो मॅडम," म्हणाला, आणि दारात जरा थांबला. त्या थांबण्यात काहीतरी होतं. काय होतं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. तो गेला आणि हिरवा दिवा माझ्याकडे बघत राहिला.

आता कबूल करायला हरकत नाही. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मुलं गेल्यावर मी मशीनसमोर बसले आणि ती एक ओळ टाइप केली. मशीननं पासवर्ड विचारला, मी दिला. दिवा विझला. मग मी फोन उचलला.

"संघपाल, ते… पुन्हा गेलं हो."

"असं कसं?" पलीकडून आवाज आला. रागावलेला मुळीच नव्हता. "येतो उद्या."

सहा शनिवार असे गेले. दर शुक्रवारी मी काढायचे, शनिवारी सकाळी तो यायचा. शुक्रवारच का, तर सरांचा नियम होता: मशीन आठवडाभर चालू ठेवायचं, शुक्रवारी रात्री बंद करायचं, शनिवारी सकाळी धूळ पुसून सुरू करायचं. सर गेले तरी मी तो मोडला नव्हता. त्यामुळं शनिवारी मशीन सुरू केलं आणि नेट नाही, असं म्हटलं की कुणाला संशयही येत नसे.

दुसऱ्या शनिवारी 'मॅडम' गेलं. तिसऱ्या शनिवारी त्यानं चहा सांडला आणि मी त्याला 'अरे' म्हटलं. चौथ्या शनिवारी तो म्हणाला, "तुला एक सांगू? चिडली की तुझं नाक हलतं."

"तुझं लक्ष कार्डावर असू दे."

"कार्डाचं नाक हलत नाय ना पण."

कोणत्याही मुलानं आपला मोबाईल वायरनं त्या मशीनला जोडला असता, तर मिनिटभरात नेट आलं असतं. हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. संघपालला तर जन्मापासून माहीत असणार. पण तो कधी बोलला नाही आणि मीही बोलले नाही. चोराला चोराची वाट ठाऊक.

त्याला सगळ्याचं उत्तर असायचं, हाच त्याचा एक दोष. पाणी का थांबतं? "वर कुठं तरी गाळ आडवा येत असंल." मग रोज चार-दहालाच का? "कोणी तरी रोज त्याच येळेला मोटार लावत असंल." कारण पाणी रोजच थांबत होतं. सरांच्या वेळेपासून चार ते साडेचार चहाची सुटी असते. मुलं बाहेर गेली, हॉल रिकामा झाला, की पाणी थांबायचं. आणि एकदा मला वाटलं की त्या शांततेत सरांच्या खुर्चीचं वेत कुरकुरलं. त्या खुर्चीवर कुणी बसत नाही. मी मान वळवली नाही.

हे मी कुणाला सांगणार? सरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून भूत नसतं, अंगात येत नसतं, लिंबू-मिरचीनं काही होत नसतं हेच सांगितलं. मी स्वतः त्यांच्या हाताखाली तयार झालेली. सर भूत झाले असते तर पहिल्यांदा स्वतःवरच चिडले असते.

सहाव्या शनिवारी संघपाल उशिरा आला. ड्रायव्हर बसवला, दिवा लागला, तरी तो उठला नाही.

"नागपूरची ऑर्डर आली," तो म्हणाला. "पक्की नोकरी. येत्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं जायचंय."

"अरे वा," मी म्हटलं. "अभिनंदन."

"एवढंच?"

"अजून काय म्हणू?"

मला सांगायचं होतं. जाऊ नको असं नाही, पक्की नोकरी सोड असं कोण म्हणेल? फक्त मला तू आवडतोस, एवढंच. पण तेवढं सांगायचं तर त्याआधी सहा शुक्रवारांचं सांगावं लागलं असतं. सहा वेळा मी त्याच्याशी खोटं बोलले होते. ज्या माणसानं भर पावसात येऊन फुकट काम केलं, त्याला मी सहा वेळा गंडवलं होतं. हे ऐकून तो ज्या नजरेनं बघेल, ती मला सोसवली नसती.

"तिथं थंडी फार असते," मी म्हटलं. "स्वेटर ने."

तो गेला. आणि मी ठरवलं, बस्स. आता काढायचा नाही. ड्रायव्हर राहील, मुलांच्या परीक्षा होतील, तो नागपूरला जाईल, आणि माझं खोटं कुणाला कळणार नाही. त्या आठवड्यात मी त्या ओळीला हात लावला नाही. खरंच लावला नाही.

गुरुवारी चारच्या सुटीत मी हॉलला कुलूप घातलं आणि मागच्या खोलीत गीतामावशींना लसूण सोलू लागायला गेले. दोघी भिंतीला टेकून बसलो होतो. बाहेर आभाळ भरून आलेलं, खोलीत दुपारीच अंधारलेलं. पाणी थांबलं. मला ते आता पायाच्या तळव्यांना कळायचं.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला. टक्… टक टक… टक्.

माझ्या हातातली पाकळी खाली पडली.

"ऐकतीस व्हय?" गीतामावशी सोलता सोलता म्हणाल्या. "अधनंमधनं वाजतं बघ ह्या टायमाला. मला वाटायचं तूच लिहीत बसतीस."

"मावशी, मी इथं आहे."

"व्हय की," त्या म्हणाल्या. त्यांचे हात थांबले नाहीत. चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट दिवसभरात पहिल्यांदाच तिथं जरा आराम दिसत होता. "सर पन असंच लिहायचे. दोन बोटांनी. दमादमानं."

आवाज थांबला. पाणी वाहू लागलं. मी किल्ली घेऊन धावले. कुलूप जसंच्या तसं होतं. हॉलमध्ये कुणी नव्हतं. चोवीस खुर्च्या आपापल्या जागी, पंखे बंद, आणि कार्डाचा हिरवा दिवा विझलेला.

ड्रायव्हर गेला होता.

रविवारी मुलांची मोठी सराव परीक्षा होती. बसवायला तर येत नव्हतं, नुसतं काढायलाच शिकले होते. रात्रभर कूस बदलत काढली आणि शुक्रवारी सकाळी त्याला फोन केला. मोबाईलच्या वायरनंही काम झालं असतं, हे मला आठवत होतं. तरी केला.

तो पावणेचारला आला, पाठीला प्रवासाची बॅग लावूनच. आणि हसत होता. ओठाचा कोपराच नाही, सगळं तोंड.

"सातवी येळ," तो खुर्ची ओढत म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे सात येळा काढलास. मला वाटलं, आता नाय काढणार. लई बरं वाटलं तुझा फोन आला तवा."

"तुला… माहीत होतं?"

"पहिल्या येळेपासून." तो पडद्यावर एक फाईल उघडत होता. "मशीन सगळं लिहून ठेवतं विशाखा. कोण, कवा, कोणती ओळ. चोरी करणाऱ्यानं मागचं पुसायचं असतं, एवढं पण कळू नाय का?"

मला रडू येईल असं वाटलं आणि राग आला. राग आला की मला बोलता येतं.

"माहीत होतं तर आलास कशाला? मजा बघायला?"

"तुला बघायला," तो म्हणाला.

एवढं साधं. मी सात आठवडे ज्या वाक्याच्या आसपास फिरत होते, ते त्यानं उचलून टेबलावर ठेवून दिलं. मुलं मागच्या टेबलांवर माना खाली घालून वाचत होती. एखाददुसऱ्याचे कान नक्कीच इकडे होते. घंटा झाली. मुलं चहाला उठली. दोन मुली जाताना एकमेकींना कोपर मारून गेल्या.

हॉल रिकामा झाला तेव्हा मी म्हटलं, "सहा."

"काय सहा?"

"सहा वेळा मी काढला. माझी चूक होती, मी कबूल करते. तू रागाव, नको रागावू, तुझी मर्जी. पण सातव्या वेळी मी नाही."

"सात नोंदी हायेत. मी मोजल्यात."

"नाव वाचलंस?"

"नाव कशाला वाचू?" तो म्हणाला. "नाव मला पाठ होतं."

दुसरी वेळ असती तर ह्या वाक्यावर मी आठवडा काढला असता. पण तेव्हा मी फक्त पडद्याकडे बोट केलं. "वाच."

त्यानं वाचलं. शुक्रवार, शुक्रवार, शुक्रवार… सहा ओळी, सहा वेळा माझं नाव. त्याखाली सातवी. गुरुवार, चार वाजून दहा मिनिटं. ओळ तीच. नाव कडुबा.

"सरांचं खातं अजून हाय मशीनमध्ये?"

"आहे. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. मावशींना पण नाही. आणि काल ह्या वेळी दाराला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला होती."

मग त्यानं शोधलं. खरंच शोधलं, बाहेरून कुणी मशीनमध्ये शिरलं का, कुठं वेळ लावून ठेवलेली आज्ञा आहे का, घड्याळ चुकलंय का. एकेक फाईल उघडत आणि बंद करत गेला. मी त्याच्याकडे पाहत होते. गाळ आडवा येतो, मोटार लागते, असलं काहीतरी तो आता बोलेल आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवीन, याची वाट बघत होते. शेवटी त्यानं हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

"मला माहीत नाय," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. सगळ्याचं उत्तर असलेला तो माणूस माझ्यासमोर उत्तराशिवाय बसला होता, आणि मला तो इतका आपला वाटला, की मी खुर्ची जवळ ओढली आणि त्याचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले. गार होते.

"भीती वाटते?"

"व्हय."

"मला पण. संघपाल, ऐक. मला तू आवडतोस. पहिल्या दिवशी चपला हातात घेऊन उभा होतास तेव्हापासून. मी खोटं बोलले ते तू परत यावास म्हणून. आज तू जाणार आहेस आणि हे न सांगता तुला जाऊ दिलं असतं तर मी…"

पाणी थांबलं.

चार वाजून दहा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला स्पष्ट दिसत होता. आम्ही दोघं हललो नाही. माझे हात त्याच्या हातात होते, त्याचे माझ्या. चारही हात तिथंच, आमच्या मधे, माझ्या डोळ्यांसमोर.

आणि कीबोर्डवरची एक कळ खाली गेली.

टक्. मग दुसरी. दोन बोटांनी, दमादमानं. पडद्यावर 'मेक' उमटलं. ओळींचा पूर वाहू लागला. संघपालचा श्वास मला ऐकू येत होता. सरांच्या खुर्चीचं वेत वाजलं, जवळच, आमच्या उजवीकडे. मी तिकडं पाहिलं नाही. आमच्या सरांकडे परवानगीशिवाय मान वर करून बघायची सवय आम्हा मुलांना कधी नव्हतीच.

'मेक इन्स्टॉल'. हिरवा दिवा लागला.

पण कळा थांबल्या नाहीत. एक नवी, कोरी फाईल उघडली. तीत एकच ओळ, अक्षर अक्षर करत, सावकाश उमटली. फाईल बंद झाली. झाकणाखाली पाणी खळखळलं आणि वाहू लागलं. खुर्ची रिकामी होती. ती किती वेळ रिकामी होती, मला सांगता येणार नाही.

संघपालनं माझे हात इतके घट्ट धरले होते, की बांगडी रुतली. "ती ओळ," तो म्हणाला. "ती ओळ बघितलीस?"

"कसली होती?"

"मशीनमध्ये आधीपासनं एक चुकीचा ड्रायव्हर हाय. मशीन सुरू झालं की तोच आधी उठतो आन् कार्ड धरून बसतो. त्याला अडवायला ही एक ओळ लिहावी लागते. एकदा लिहिली की कायमचं काम. परत कधी बंद पडत नाय." त्यानं मान खाली घातली. "मी ती मुद्दाम लिहीत नव्हतो. पहिल्या दिवसापासनं."

मला समजायला जरा वेळ लागला. "म्हणजे शनिवारी मशीन सुरू केलं की…"

"आपोआप बंदच सापडलं असतं. तू काढ, नायतर नको काढू."

"म्हणजे मी सहा शुक्रवार…"

"फुकट," तो म्हणाला. "मी फाईल बघायचो, तुझं नाव दिसायचं, आन् वाटायचं, ही पण आपल्यासारखीच. पण बोलायचं धाडस नाय झालं. तू तोंडानं बोललीस. मी आज पण नुसता हसत बसलो होतो."

मी त्याच्या दंडावर एक गुद्दा मारला. मग आम्ही हसलो, मग माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि मग दोघंही एकदम गप्प झालो. वर्गात कॉपी करताना शेजारी शेजारी पकडली गेलेली दोन पोरं जशी गप्प होतात तसे. संघपाल उठला. त्या वेताच्या खुर्चीकडे तोंड करून, हात जोडून, हळू आवाजात म्हणाला, "जय भीम, सर." मीही म्हणाले. उत्तर आलं नाही. येऊ नये असंच मला वाटत होतं.

"आता यायला काही कारण उरलं नाय बघ," त्यानं बॅग खांद्याला लावत म्हटलं.

"कारण कशाला पाहिजे? पहिली सुटी मिळाली की देवगावहून आईला घेऊन ये. इथं नको, घरी ये. माझ्या बाबांना काय सांगायचं ते गाडीत पाठ कर."

"आन् ते नाय म्हणले तर?"

"मी आहे ना."

तो रात्रीच्या गाडीनं गेला. दोन महिन्यांनी आईला घेऊन आला. बाबांनी नोकरीबद्दल तासभर आणि माझ्याबद्दल पाच मिनिटं विचारलं आणि हो म्हटलं. लग्न उन्हाळ्यात आहे, विहारात, साधंच. मग मी नागपूरला जाणार, का तो बदली मागणार, यावर आमचं रोज भांडण चालतं आणि अजून कुणी हरलेलं नाही.

ड्रायव्हर त्या दिवसापासून एकदाही गेला नाही. पाणीही थांबत नाही. मी मशीनमधली ती नोंदींची फाईल रोज उघडून बघते. सरांच्या नावाची त्यानंतर एकही नोंद नाही. त्यांचं काम संपलं असावं. मला तेव्हा हायसं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू?

पण संघपाल गेल्यावर आठवड्यानं एका दुपारी सुटीत मी मागं गेले, तर गीतामावशी भिंतीला कान लावून बसल्या होत्या. ताटलीत लसूण तसाच पडलेला.

"आता वाजत नाय गं," त्या म्हणाल्या. "आठ दिवस झाले. तुला येतं का काही ऐकायला?"

आमचं जुळवून द्यायला जो आला होता, तो जाताना कुणाला सोडून गेला, हे मला त्या क्षणी कळलं.

आता रोज चारच्या सुटीत मुलं गेली की मी दाराला आतून कडी घालते आणि काउंटरवर बसून संघपालला पत्र लिहिते. फोन असताना पत्र कशाला, असं तो विचारतो, आणि मी त्याला अजून खरं सांगितलेलं नाही. मला दहा बोटांनी भराभर लिहिता येतं. पण मी दोनच बोटं वापरते, दमादमानं, आणि कळा जरा जोरात दाबते.